पाण्याचा हक्क आणि पाण्याची परीक्षा



पाणी नितळ दिसते म्हणजे ते निर्दोष आहे, हा समज आता सोडला पाहिजे. खडकातून पाण्यात उतरणाऱ्या फ्लोराइडला रंग नाही, वास नाही. ते वस्त्रगाळ करून जात नाही आणि उकळूनही जात नाही. उलट उकळल्याने पाणी आटते व त्याचे प्रमाण वाढते.

भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एका लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा जलस्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून अधिक फ्लोराइडचे पाणी वर्षानुवर्षे पोटात गेले, तर वाढत्या मुलांच्या दातांवर पांढरे व तपकिरी डाग पडतात. प्रमाण फारच अधिक असेल, तर पुढे हाडे व सांधे ताठरतात. हाडांची ही हानी भरून येत नाही. अशा माणसाचे दुःख दैवावर ढकलणे हे अज्ञान होय.

आपल्या यवतमाळ जिल्ह्यात हा प्रश्न नवा नाही. पांढरकवडा परिसरातील भूजलात मर्यादेबाहेर फ्लोराइड असल्याचे संशोधकांनी २००७ साली प्रसिद्ध केले. घाटंजीच्या अलीकडे असलेल्या आर्णीकरांनी यावरून घाबरू नये, तसेच निश्चिंतही राहू नये. खडक बदलला, खोली बदलली, की पाणी बदलते. शेजारच्या विहिरीच्या दाखल्यावर आपल्या वस्तीचा हातपंप निर्दोष ठरत नाही.

अदृश्य संकटावर पहिला उपाय मापनाचा. घराखालच्या जमिनीतून येणाऱ्या रेडॉन वायूने फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो, हे ध्यानी घेऊन अमेरिकेच्या सरकारने १९८८ साली घरोघर तपासणी करण्याचे आवाहन केले. तेथील नागरिक आपल्या घराची हवा मोजतो. मग आम्ही आमचे पाणी का मोजू नये?

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. तो हक्क मुंबई उच्च न्यायालयात मान्य होण्यास १९३७ साल उजाडले. त्याच वर्षी मद्रास इलाख्यातील नेल्लोर भागात फ्लोराइडने माणसे अपंग होत असल्याचे डॉक्टरांनी नोंदविले होते. पाण्याला हात लावण्याचा हक्क आम्ही झगडून मिळविला. त्या पाण्यात काय आहे हे जाणण्याचा हक्क त्याच हक्काचा उत्तरार्ध आहे, आणि तो बजावणे आमच्याच हाती आहे.

म्हणून प्रत्येक वस्तीने ग्रामसभेत लेखी मागणी करावी. आमच्या हातपंपाचे, विहिरीचे व नळाचे पाणी तपासले काय? केव्हा तपासले? आकडा किती आला? २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये गावोगावच्या स्त्रियांना तपासणी संच वापरण्याचे शिक्षण देण्याची तरतूद आहे. आमच्या भगिनींनी ते अवश्य घ्यावे. संचाने दोष दाखविला, तर जलसुरक्षकामार्फत नमुना शासकीय प्रयोगशाळेत पाठवावा. निकाल हातपंपाजवळ लिहून लावावा.

पाणी सदोष ठरले, तर पिण्यास व स्वयंपाकास दुसरा तपासलेला स्रोत मागावा. ती याचना समजू नये. निरोगी मूल शाळेत टिकते. आणि शिक्षणावाचून आमची प्रगती नाही. हातात आकडा घेऊन ग्रामसभेत उभे राहा. आकड्याला उत्तर द्यावेच लागते.