गाडी दारात, कागद कुणाच्या नावावर?

यंदा मार्चमध्ये एका रविवारी सकाळीच आमची आक्का आणि भाचा घरी आले. भाचा जुन्नर तालुक्यातला. एका व्यापाऱ्याची पिकअप चालवतो, हंगामात नारायणगावच्या बाजारातून टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला नेतो. आक्का अंगणवाडीत मदतनीस होती. निवृत्त झाल्यावर तिला ७५ हजार रुपये एकरकमी मिळाले. चहा पुढ्यात येईपर्यंत भाचा थांबला नाही. "मामा, गाडी बघितलीय. तीन लाखाला. आईचे पंच्याहत्तर हजार भरायचे, बाकी फायनान्स. हप्ता फक्त आठ हजार! तुम्ही जामीन राहा, बस्स."

हा "फक्त" शब्द आम्ही ऑफिसात, लग्नात, एस.टी. स्टँडवर फार ऐकला आहे. म्हणून आज वाचकांपुढे आमच्या घरचाच हिशेब मांडतो. आंबेगाव-जुन्नरकडे दहा घरांमागे एका घरात तरी हा विषय सध्या चालू असेल.

आधी भाच्याच्या फायनान्सचे पाहू. एजंटाने सांगितलेला दर "फक्त नऊ टक्के फ्लॅट". कर्ज २,२५,०००, मुदत तीन वर्षे. फ्लॅट म्हणजे पहिल्या दिवशीच्या पूर्ण रकमेवर तिन्ही वर्षे व्याज, मग मुद्दल फिटत आले तरी फरक नाही. व्याज झाले ६०,७५०. एकूण परतफेड २,८५,७५० आणि हप्ता ७,९३८ रुपये. हेच कर्ज घटत्या शिलकीवर मोजले तर दर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास जातो. नऊ कुठे आणि सव्वासोळा कुठे! आम्ही बी.कॉम. झालो तेव्हा हे गणित पुस्तकात होते, पण त्याचा उपयोग खरा असा स्वयंपाकघरात होतो. पगारदारांच्या पतसंस्थेत घटत्या शिलकीवर १२ टक्के दर धरला, तर त्याच रकमेला हप्ता सुमारे ७,४७० आणि व्याज ४४ हजार. साडेसोळा हजारांहून अधिक फरक केवळ व्याज मोजण्याच्या पद्धतीत आणि दरात.

रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२४ पासून अशा नव्या कर्जांसाठी मुख्य तथ्यांचे विवरणपत्र देणे बंधनकारक केले आहे. त्यात सर्व शुल्क धरून वार्षिक खरा दर लिहावा लागतो, आणि तेही कर्जदाराला समजेल अशा भाषेत. तो कागद हातात पडल्याशिवाय सही करू नये. एजंट म्हणेल, "नंतर देतो." मग आपणही सही नंतर देतो म्हणावे.

पण आम्हाला व्याजापेक्षा दुसऱ्याच गोष्टीची धास्ती होती. हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला येतो. टोमॅटोचे तसे नसते. जुलै २०२३ मध्ये नारायणगावात वीस किलोचे क्रेट दोन हजारांच्या वर गेले होते. त्या महिन्यात गाडी बुक करणारेही आम्ही पाहिले. सप्टेंबरात दर कोसळले. माल फिरला नाही की भाच्याच्या खेपाही कमी होतात आणि रोजही. आठ हजार कुठून आणणार? भाच्याचे उत्तर तयार होते. "ओझर-लेण्याद्रीच्या भाविकांच्या ट्रिपा मारीन. शनिवार-रविवार गाडी उभी राहणारच नाही."

इथे आम्हाला त्याला थांबवावे लागले. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने चालवता येत नाही. त्याला परवाना लागतो, पिवळी पाटी लागते, त्या प्रकारचा विमा लागतो. भाविक बसलेले असताना घाटात काही झाले तर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग हप्ताही अंगावर आणि दवाखानाही. धंदाच करायचा तर उघडपणे धंद्याची गाडी घ्यावी. त्यासाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे. त्याच्या बीजभांडवल योजनेत मोठा वाटा बँकेचा, काही वाटा महामंडळाचा कमी व्याजाने आणि थोडा स्वतःचा असतो. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठीच हे महामंडळ आहे, तरी आपली मुले आधी एजंटाकडे जातात. आधी तिथे चौकशी करावी. हेलपाटे पडतात हे खरे, आम्हीही घातले आहेत.

भाड्याने घेणे, म्हणजे लीज, हाही एक मार्ग. पुण्या-मुंबईत २०२० पासून मोटार कंपन्याच महिन्याच्या वर्गणीवर गाडी देऊ लागल्या. विमा, दुरुस्ती त्यांची, मुदत संपली की गाडी परत. बदलीच्या नोकरीवाल्यांना हे बरे. घोडेगाव-ओतूरच्या माणसाला ते कोण देणार? आपल्याकडे लीज म्हणजे गरजेपुरती जीप ठरवणे, आणि ते इतके कमीपणाचे नाही. आक्काला गुडघ्यासाठी महिन्यातून दोनदा मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात जावे लागते. दोन खेपांचे भाडे तीन-साडेतीन हजार होते. आठ हजारांचा हप्ता, वर पेट्रोल, विमा, टायर. नुसत्या दवाखान्यासाठी गाडी घ्यायची म्हटली तर भाड्याची जीपच परवडते.

आता आमच्याकडचा तिसराच प्रकार सांगतो, तो सर्वांत घातक. "चालू हप्त्याची गाडी." मूळ मालकाला हप्ते झेपत नाहीत, तो म्हणतो, मला लाख-दीड लाख द्या, उरलेले हप्ते तुम्ही भरा, कर्ज फिटले की नावावर करून देतो. स्टॅम्पपेपरवर लिहून नोटरी होते, पेढे वाटले जातात. आमच्या नात्यातल्या एकाने अशी गाडी घेतली. त्याने हप्त्याचे पैसे मूळ मालकाकडे दिले, मालकाने ते फायनान्सला भरलेच नाहीत. एके दिवशी पुणे-नाशिक रस्त्यावर माणसे आडवी आली आणि गाडी यार्डात गेली. दीड लाख गेले ते गेलेच. वसुलीसाठी दांडगाई करू नये, कायद्याच्या मार्गानेच जावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली बजावले आहे. पण हा गृहस्थ भांडणार कोणत्या कागदावर? करार मालकाचा आणि फायनान्सचा. आरसीवर कर्जाची नोंद, नाव दुसऱ्याचे. नोटरीच्या कागदाने गाडीची नोंदणी बदलत नाही.

विकणाऱ्यालाही यात सुटका नाही. २००७ मध्ये विकलेली एक गाडी पुढे अनेक हातांतून फिरली, २००९ मध्ये तिने अपघात केला. आरसीवर नाव पहिल्याच मालकाचे राहिले होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली नुकसानभरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच टाकली. ज्यांनी जुनी मोटारसायकल पाहुण्याला "तशीच" दिली आहे, त्यांनी हा मजकूर पुन्हा वाचावा.

जामिनाबद्दल आम्ही भाच्याला सरळ नाही म्हटले. आक्काचा चेहरा उतरला. पूर्वी एका सहकाऱ्याला आम्ही जामीन राहिलो होतो. तो थकला आणि चौदा महिने आमच्या पगारातून कपात झाली. जामीनदाराची जबाबदारी कायद्याने कर्जदाराइतकीच असते, "आधी त्याला धरा" म्हणता येत नाही. हे आक्काला सांगताना आम्हालाही जड गेले.

मग आम्ही भाच्याला म्हटले, "अरे, तुला आठ हजार झेपतात ना? मग सहा महिने हप्ता स्वतःलाच भर." आक्काच्या नावाच्या खात्यात, पाच तारखेला. वही आक्काकडे. तो थोडा रागावला, पण तयार झाला. एप्रिल, मे, जून आठ-आठ हजार पडले. जुलैत पाच. ऑगस्टात काहीच नाही. सप्टेंबरात पुन्हा आठ. एकूण ३७ हजार. ती वही समोर ठेवल्यावर कोणी कोणाला काही बोलले नाही. फायनान्सच्या दप्तरी हेच दोन महिने थकले असते आणि दंड, फोन, माणसे सुरू झाली असती.

तीन लाखांची गाडी तिथेच सुटली. मंचरच्या एका निवृत्त शिक्षकांकडे २०१३ ची लहान मोटार निघाली. त्यांनी दीड लाख सांगितले. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान नव्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुन्यांचे आधीचे भाव आता धरून बसता येत नाहीत, हे आम्ही नम्रपणे मांडले. १,३५,००० वर ठरले. आक्काने २५ हजार स्वतःच्या आजारपणासाठी बाजूला ठेवायचे, हा आमच्या घरच्यांचा हट्ट आणि तो योग्यच होता. उरलेले ५० हजार, वहीतले ३७ आणि ४८ हजार आम्ही बिनव्याजी उसने दिले. जामीन राहिलो नाही, पण उसने दिले, यात कोणाला विसंगती दिसेल. आमचा तोटा किती होऊ शकतो हे आम्हाला पहिल्याच दिवशी ठाऊक आहे, एवढाच फरक.

गाडीचा नंबर परिवहनच्या ॲपवर टाकून पाहिला. कर्जाची जुनी नोंद अजून तशीच होती. शिक्षकांनी कर्ज फेडून सहा वर्षे झाली, पण नोंद काढायची राहून गेली होती. पैसे देण्याआधी त्यांना फायनान्सचा ना हरकत दाखला आणि फॉर्म ३५ आणायला सांगितला. महिना गेला, पण आला. २०१९ च्या आधीची गाडी असल्याने उच्च सुरक्षा पाटी बसली आहे का तेही पाहिले. २०२८ मध्ये पंधरा वर्षे भरतील तेव्हा नोंदणी नूतनीकरणाची पाच हजार फी आणि पर्यावरण कर वेगळा, तो वहीत आताच लिहून ठेवला आहे. विमा नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करायचा. नो क्लेम बोनस मात्र शिक्षकांचा, तो गाडीबरोबर येत नाही.

ट्रिपांचा विषय भाच्याने अजून सोडलेला नाही. महामंडळाचा अर्ज आणून ठेवला आहे, भरलेला नाही. येत्या मंगळवारी तो आणि शिक्षक पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयात जाणार आहेत. फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० बरोबर न्यायला सांगितले आहे. उरलेले पैसे पावती हातात आल्यावर.