शाळा केव्हा भरणार?

दरड कोसळली, नदीने पात्र सोडले किंवा धरणीकंप झाला म्हणजे दोन-तीन दिवसांतच गावात पंचनामे सुरू होतात. तलाठी येतो, ग्रामसेवक येतो. पडलेल्या भिंती मोजल्या जातात, मेलेली गुरे मोजली जातात, वाहून गेलेल्या पिकाचे गुंठे मांडले जातात. हे सारे मोजणे अवश्यच आहे. त्या कागदावाचून भरपाईचा एक पैसाही कोणाच्या हाती पडत नाही. परंतु शाळेचे किती दिवस बुडाले, पटावरील किती मुले परत आली आणि जी आली नाहीत ती गेली कोठे, याचा पंचनामा करण्याची वहिवाट आपल्याकडे अद्याप पडलेली नाही. शाळेची इमारत पडली तर तिची नोंद होते. शाळा बंद पडली, याची होत नाही.

इमारत आणि शाळा या दोन वस्तू एक नव्हेत. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यात माळीण गावावर डोंगर आला. १५१ माणसे गेली. सकाळची वेळ होती, शाळा भरावयाची होती. घरे चिखलाखाली गाडली गेली आणि त्या चिखलाच्या मधोमध जिल्हा परिषदेच्या शाळेची इमारत तेवढी शाबूत उभी राहिली. इमारत होती, तीत बसावयाची मुले नव्हती. पुढे २ एप्रिल २०१७ रोजी नव्या माळीणचे लोकार्पण झाले. इकडे रायगड जिल्ह्यात इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, तेव्हा शाळेत जमलेल्या काही तरुणांनी आवाज ऐकला व ते इतरांना उठविण्यास धावले. आश्रमशाळेत निवासास असलेली कित्येक मुले त्या रात्री वाडीत नव्हती म्हणून वाचली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांतील काहींना आईबाप उरले नाहीत. ज्या वाडीला पक्का रस्ता नव्हता, तेथील मुलास शिक्षणासाठी घर सोडावे लागले होते. घर सोडल्यामुळे ते जगले. या योगायोगाला सरकारची दूरदृष्टी म्हणण्याचे धाडस कोणी करू नये.

आता याच्या उलट उदाहरण पाहा. केरळच्या वायनाड जिल्ह्यात मेप्पाडी पंचायतीच्या हद्दीत मुंडक्कई आणि चूरलमला ही चहामळ्यांतील मजुरांची गावे. ३० जुलै २०२४ च्या उत्तररात्री डोंगर फुटला. जवळजवळ तीनशे माणसे मृत्युमुखी पडली किंवा बेपत्ता झाली. मुंडक्कईची सरकारी प्राथमिक शाळा आणि चूरलमला येथील वेल्लारमला सरकारी शाळा या दोन्ही वर्ग भरविण्यास निरुपयोगी झाल्या. मेप्पाडीच्या ज्या शाळा उभ्या होत्या, त्यांत निवारा छावण्या उघडाव्या लागल्या. म्हणजे ज्यांची शाळा पडली त्यांची शाळा गेलीच, आणि ज्यांची उभी होती त्यांचीही छावणीने घेतली. असे असूनही २ सप्टेंबर रोजी, म्हणजे चौतिसाव्या दिवशी, दोन्ही शाळा मेप्पाडीत पुन्हा भरल्या. वेल्लारमलाची मुले तेथील सरकारी उच्च माध्यमिक शाळेच्या आवारात बसली आणि मुंडक्कईची लहान मुले गावच्या ए. पी. जे. सभागृहात. केरळात दरवर्षी शाळा उघडताना प्रवेशोत्सव करतात. तो जून महिन्यात होऊन गेला होता. या मुलांसाठी त्याच वर्षी तो दुसऱ्यांदा केला गेला आणि शिक्षणमंत्री व्ही. शिवनकुट्टी त्यास स्वतः हजर राहिले. मुलांना आणण्यासाठी सरकारी बसगाड्या सोडण्यात आल्या.

फुगे, मिठाई आणि मंत्र्यांचे भाषण यांना आम्ही फारसे महत्त्व देत नाही. महत्त्वाचे आहे ते हे की, त्या मुलांना चार निरनिराळ्या शाळांत वाटून टाकले गेले नाही. शाळेचे नाव तेच राहिले, पट तोच राहिला, मास्तर तेच राहिले. ज्याच्या शेजारचा मुलगा उरला नव्हता, त्याच्या समोर निदान ओळखीचे गुरुजी होते, आणि त्या गुरुजींना कोण गेले व कोणाचे काय गेले हे न विचारता ठाऊक होते. परक्या शाळेत अशा मुलास आपली कथा पहिल्या दिवशी दहा जणांना सांगावी लागते. म्हणून ते दुसऱ्या दिवशी येत नाही. ज्यांना हे क्षुल्लक वाटते त्यांनी एखाद्या निवारा छावणीत चार दिवस काढून पाहावेत. मोठी माणसे दाखल्यांसाठी रांगेत असतात आणि मुले दिवसभर काहीही न करता बसलेली असतात. पंधरवड्यानंतर बसलेले मूल कामाला लागते. वीटभट्टी, ऊसतोड, हॉटेल, दुसऱ्याची गुरे. कामाला तोटा नाही.

घटना समितीत नोव्हेंबर १९४८ मध्ये प्राथमिक शिक्षणाच्या कलमावर चर्चा चालू असता, वयोमर्यादा चौदावरून अकरावर आणावी अशी सूचना पुढे आली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांचा युक्तिवाद कायदेपंडिताचा होता आणि व्यवहाराचाही होता. चौदा वर्षांखालील मुलास कामावर ठेवता येणार नाही असे आपण दुसऱ्या कलमात म्हणतो. मग त्या वयापर्यंत ते मूल कोठल्या तरी शिक्षणसंस्थेत गुंतलेले असले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाला कामापासून वाचविणे आणि शाळेत बसविणे ही एकाच कर्तव्याची दोन अंगे आहेत, हे त्यातून निघते. पुढे ४५ व्या कलमात सरकारला दहा वर्षांची मुदत घालून देण्यात आली. मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मुदत घातलेले कलम ते एवढेच. ती मुदत १९६० साली टळली, हा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने २१-अ हे कलम आले, २००९ साली मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला, आणि शिक्षण हा मूलभूत हक्क झाला.

मूलभूत हक्क पुरात वाहून जात नाही. परंतु २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा उघडून पाहिला तर काय दिसते? त्याच्या १२ व्या कलमात मदतीच्या किमान दर्जाची यादी आहे. निवारा आहे, अन्न आहे, पिण्याचे पाणी आहे, औषधोपचार आहे, स्वच्छता आहे. विधवा व अनाथ यांच्यासाठी विशेष तरतूद आहे. जीवितहानी, घरांचे नुकसान व उपजीविकेची साधने यांसाठी साहाय्य आहे. शाळेचे नाव नाही. शेवटी 'आवश्यक वाटेल अशी अन्य मदत' असे शब्द आहेत. शाळेस शिरावयाचे झाल्यास त्या फटीतून शिरावे लागते. दुसरीकडे शिक्षणहक्क कायद्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकास अशैक्षणिक कामास जुंपण्याची मनाई केली, पण जनगणना आणि निवडणुका यांबरोबर आपत्तीनिवारणाचे काम अपवादात घातले. म्हणजे एक कायदा शाळेचे नाव घेत नाही आणि दुसरा तिचा मास्तर काढून नेण्यास परवानगी देतो. अपवाद मुळात गैर नाही. गावावर संकट असता गुरुजींनी हात बांधून बसावे असे कोणीच म्हणणार नाही. परंतु अपवादास मुदत असते. तो आठ दिवसांचा की आठ महिन्यांचा, हे कोणत्याही आदेशात लिहिलेले नसते, आणि अडचण तेथे आहे.

न्यायालयांनी या बाबतीत कायद्याच्या पुढे पाऊल टाकलेले आहे. तामिळनाडूत कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेला आग लागून नव्वदाहून अधिक बालके जळून मेली. ती आपत्ती निसर्गाची नव्हती, माणसाच्या हलगर्जीची होती. तिच्यातून उद्भवलेल्या अविनाश मेहरोत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली निर्वाळा दिला की, शिक्षणाच्या हक्कात सुरक्षित शाळेचा हक्क अंतर्भूत आहे. तडे गेलेल्या भिंतीखाली वर्ग भरवून पट भरल्याचे दाखविणे हा त्या हक्काचा भंगच होय. तसेच २०१६ च्या दुष्काळात, स्वराज अभियानाच्या याचिकेवर, दुष्काळग्रस्त भागांत उन्हाळ्याच्या सुटीतही शाळेतील माध्यान्ह भोजन चालू ठेवण्याचा आदेश झाला. शाळा बंद म्हणजे जेवण बंद, हे गरिबाच्या घरचे गणित न्यायालयाला समजले. दुष्काळाला जे लागू, ते भूकंपाला आणि महापुराला का लागू नसावे, याचे समाधानकारक उत्तर आम्हांस तरी सापडलेले नाही.

किल्लारीकडे वळू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली मेली. आदल्या रात्री गणेशविसर्जन झालेले. बावन्न गावे उठवून नव्या जागी बसविण्यात आली. घरे कोणत्या मापाने दिली? ज्याला जमीन नाही किंवा एक हेक्टरपर्यंत आहे, त्यास २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्यास ४००. सात हेक्टरांवरच्यास ७५०. भूकंपाने सातबारा पाहिला नव्हता, पुनर्वसनाने पाहिला. भूमिहीन कोण होते हे मराठवाड्यातील वाचकास सांगावयास नको. अडीचशे चौरस फुटांत चूल, अंथरूण आणि सहा माणसे मावली म्हणजे मुलाच्या पाटीला कोपरा उरत नाही. अशा मुलाला शाळेचा वर्ग ही वस्तीतील एकच जागा, जिचे माप बापाच्या जमिनीवरून ठरलेले नसते. त्या काळी भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे भूकंपग्रस्त मुलांना पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाची सोय केली. ते काम मोठे होते. पण ते संस्थेचे औदार्य होते, आणि औदार्याविरुद्ध दाद मागता येत नाही. जी मुले मागे गावात राहिली त्यांचे देणे सरकारकडे होते.

आणखी एका वस्तूचा विचार पंचनाम्यात होत नाही. ती म्हणजे शाळेचे जनरल रजिस्टर. लोखंडी कपाटातील ते जुने, फाटके बाड आमच्या समाजाला किती मोलाचे आहे, हे जात पडताळणी समितीच्या दारात उभे राहिल्यावाचून कळत नाही. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० आणि जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या दिनांकांपूर्वीचा पुरावा मागितला जातो. ज्यांच्या आजोबांना ना जमीन ना खरेदीखत, त्यांचा पुरावा तो कोणता? शाळेतील एक ओळ: नाव, जन्मतारीख, जात. महाराष्ट्राच्या जातप्रमाणपत्र कायद्याच्या ८ व्या कलमाप्रमाणे शाबितीचा भार अर्जदारावर आहे. रजिस्टर चिखलात गेले तर त्या ओळीबरोबर नातवाची शिष्यवृत्ती, प्रवेश आणि नोकरी जाऊ शकते. २०१५ नंतर आजच्या मुलांच्या नोंदी 'सरल' प्रणालीत चढल्या. १९४० सालचे पान त्यात येत नाही. ज्या ज्या गावी शाळा जुनी आहे, तेथील कार्यकर्त्यांनी येत्या पावसाळ्याआधी मुख्याध्यापकांना लेखी विनंती करून १९५० पूर्वीच्या पानांच्या छायाप्रती काढवून घ्याव्यात व त्या तालुक्याच्या ठिकाणी ठेवण्याचा आग्रह धरावा.

छावणीतील पंक्तीचा प्रश्नही शाळेपर्यंत येतो. २००४ च्या डिसेंबरातील त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या बाजूस दलित कुटुंबांना छावण्यांतून वेगळे काढण्यात आल्याच्या तक्रारी दलित हक्क संघटनांनी नोंदविल्या होत्या. पुढच्याच वर्षीच्या आपत्ती कायद्यात ६१ वे कलम आले: मदत व भरपाई देताना लिंग, जात, समाज, वंश वा धर्म यांवरून भेद करता येणार नाही. त्याच २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकी व मदतनीस यांच्या नेमणुकीत दलित, अनुसूचित जाती व जमातींना अग्रक्रम देण्याचे फर्मावले होते. छावणीतील शाळेची चूल पेटेल तेव्हा ही दोन्ही वचने एकत्र वाचावीत. घाईचे निमित्त करून पहिल्याच दिवशी जी पंगत वेगळी बसते, ती पुढे शाळा नव्या इमारतीत गेल्यावरही मोडत नाही, असा अनुभव आहे.

मग करावे काय? शासनाने आपत्तीच्या आदेशातच शाळा पुन्हा भरण्याची मुदत घालावी, अशी आमची पहिली मागणी आहे. केरळाने चौतीस दिवसांत केले. महाराष्ट्राने तीस दिवसांची मुदत मान्य करण्यास हरकत नसावी. तंबूत भरो, समाजमंदिरात भरो, बुद्धविहारात भरो. पट एकत्र राहावा व शिक्षक तेच असावेत. पहिली ते पाचवीस वर्षाचे दोनशे आणि सहावी ते आठवीस दोनशेवीस दिवस अध्यापनाचे असावेत असे कायद्याची अनुसूची सांगते. आपत्तीमुळे ती संख्या कमी होते असे तीत कोठेही म्हटलेले नाही, तेव्हा बुडालेले दिवस भरून देणे हे उपकार नव्हेत. छावणीसाठी शाळा घ्यावयाची तर ती सोडण्याची तारीख घेतानाच लिहून द्यावी.

शासन हे आपणहून करील, या भरवशावर पालकांनी बसू नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या स्त्रिया असतात; आपत्तीत सदस्य दगावले किंवा पांगले असतील तर उरलेल्यांनी सभा घेऊन जागा भरून घ्याव्यात आणि वंचित घटकांच्या पालकांना कायद्याने दिलेले प्रमाणशीर स्थान सोडू नये. दुसऱ्या शाळेत जावेच लागले तर दाखला तात्काळ देणे मुख्याध्यापकावर बंधनकारक आहे, आणि दाखल्यास उशीर झाला म्हणून नवीन शाळेस प्रवेश अडविता येत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणूनही नाही. एवढे करून दाद लागली नाही, तर ३२ व्या कलमाखाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे, लेखी तक्रार करावी. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो आणि त्यावर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील चालते. तक्रारीत आपत्तीचा दिनांक, शाळा बंद झाल्याचा दिनांक, पटावरील मुलांची संख्या आणि छावणीपासून जवळच्या चालू शाळेचे अंतर एवढे अवश्य लिहावे. अर्ज दोन प्रतींत करावा आणि एका प्रतीवर कचेरीचा शिक्का व तारीख घेऊन ती आपल्यापाशी ठेवावी.