सवलतीचे माप

मोर्शी-वरुडचा संत्रापट्टा ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणून ओळखला जातो. परंतु त्या बागांत राबणाऱ्या मजुराच्या वाट्यास हे वैभव फारसे येत नाही. संत्रे बहुतांशी ताज्या फळाच्या रूपानेच बाहेर जाते. त्यामुळे तोडणी, प्रतवारी व पेट्या भरण्याचे काम आंबिया आणि मृग या बहारांपुरतेच मिळते. मागास भागांत कारखाने जावेत म्हणून राज्य शासनाने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आणली. पुढे विदर्भास अधिक सवलतीही दिल्या. हेतू निःसंशय स्तुत्य होता. पण सवलतीचे माप मुख्यतः स्थिर भांडवलाचेच राहिले. किती हातांना बारमाही काम लाभले, हा प्रश्न दुय्यम ठरला. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने अंगमेहनतीचे काम दिले, कसब दिले नाही. फळप्रक्रियेच्या उद्योगास शासनाने साहाय्य जरूर द्यावे. मात्र ते स्थानिक मजुरांच्या वर्षभराच्या हजेरीपटावरून मोजून द्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिजोरीतील पैसा जनतेचा आहे. कारखान्याच्या भिंती व यंत्रे मोजून त्याचा हिशेब पुरा होत नाही. त्याने किती चुली पेटल्या, हेही शासनाने सांगितले पाहिजे.