दोष दाखवावा, पण कसा?

कोणतीही कला टीकेवाचून सुधारत नाही. परंतु टीका न्यायाची असावी लागते.

डहाणू व तलासरी तालुक्यांतील वारली पाड्यांवर भाताची कापणी झाली की तारपा वाजू लागतो. वाळलेला भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांपासून बनलेल्या या वाद्याच्या सुरावर स्त्रीपुरुष फेर धरतात. डहाणू तालुक्यातील गंजाडचे चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी हाच फेर चित्रांतून जगभर पोहोचविला. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

परका प्रेक्षक हा नाच क्षणभर पाहून म्हणतो, "पावले तीच ती, यात विशेष ते काय?" हा अन्याय होय. वादकाने सूर बदलताच पावले बदलतात. एकाने उठून दिसणे नव्हे, तर सर्वांची पावले एकदम पडणे, हे या नाचाचे सौंदर्य आहे. ते कळण्यास थोडे थांबावे लागते.

म्हणून टीकाकाराने नाच पूर्ण पाहावा, त्याची रीत जाणून घ्यावी. दोष पावलांचा सांगावा, माणसाच्या रूपाचा वा वेषाचा नव्हे. स्वतःचे नाव लपवू नये आणि नाचणाऱ्याचे उत्तरही ऐकावे.

याचा अर्थ दोष झाकावेत असा नव्हे. खोट्या स्तुतीने कोणाचेही पाऊल सुधारत नाही. परंतु "हिला नाचता येत नाही," असे म्हटल्याने मुलगी फेर सोडून जाते. "तुझे पाऊल उशिरा पडते," असे सांगितल्यास ती ते सुधारू शकते. पहिल्या बोलाने फेरातील एक हात सुटतो, दुसऱ्याने ताल पक्का होतो.