बुडी मारा, पण दम धरू नका

कन्नड तालुक्यातल्या देवगाव रंगारीपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. पण म्हणून इथल्या पोरांना पाण्याची भीती नसते. पाण्याने भरलेली विहीर दिसली की पाठीला डबा बांधून पोहायला शिकायचे, मग काठावरून सूर मारायचा आणि तळाची माती मुठीत घेऊन वर यायचे. ज्याचा दम मोठा तो उस्ताद. अशी विहिरीत तयार झालेली मुले नोकरी लागल्यावर अंदमान, बाली, मॉरिशसच्या सहलीला जातात आणि तिथे एक दिवस स्कूबा डायव्हिंगचा असतो. आपल्याकडे तारकर्लीला ही हौस आधीपासून भागते आहेच. आता नौदलातून निवृत्त झालेली ‘गुलदार’ ही नौका सिंधुदुर्गात निवतीजवळ पाण्याखाली ठेवून पर्यटन वाढवण्याचा राज्याचा प्रकल्प आहे. म्हणजे बुडी मारणारे वाढतच जाणार.

सहलीच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते : सर्वांसाठी, पोहता येत नसले तरी चालेल. ही ओळ कौशल्यापुरती बऱ्याच अंशी खरी आहे. शरीरापुरती नाही.

समुद्रात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० वर तीन. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्येच दाब दुप्पट होतो. पुढच्या दहात तो फक्त दीडपट होतो. विहिरीच्या भाषेत हे अंतर साडेपाच परस. नवशिक्याला ‘उथळ आहे, काळजी नको’ म्हणून नेतात ते याच पट्ट्यात आणि कान-फुप्फुसांवरचा सर्वांत मोठा बदल होतो तोही इथेच.

विहिरीतला उस्ताद नेमका इथे फसू शकतो. काठावर छाती भरून घेतलेली हवा खाली गेल्यावर दबते आणि वर येताना पुन्हा मूळ आकाराची होते. त्यात फुप्फुसाला धोका नाही. स्कूबात मात्र माणूस खोलवर, तिथल्या दाबाची हवा नळकांड्यातून घेतो. १० मीटरवर भरलेली सहा लिटर हवा रोखून तो वर आला तर तिला बारा लिटर जागा लागते. छाती तेवढी ताणत नाही. फुप्फुसाच्या पेशी फाटतात, हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत जातात. असे दीड मीटर खोलीवरूनही होऊ शकते. म्हणून घाबरल्यावर दम धरून झपकन वर येण्याची लहानपणीची सवय काठावरच ठेवावी लागते. श्वास चालू ठेवून सावकाश वर येणे, हा या खेळाचा पहिला नियम आहे.

बुडी मारण्यापूर्वी प्रकृतीचा प्रश्नार्थक अर्ज भरून घेतात. तो बहुधा इंग्रजीत असतो आणि होडी सुटायच्या घाईत सगळ्या चौकटींत ‘नाही’ लिहून मोकळे होणारे कमी नाहीत. मराठवाड्यातल्या वाचकांनी त्यातला फुप्फुसांचा प्रश्न विशेष लक्ष देऊन वाचावा. क्षयरोग बरा झाला तरी फुप्फुसावर वण किंवा पोकळी राहू शकते. त्यात अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही. चालताना-धावताना काहीही त्रास नसलेल्या माणसालाही हे लागू आहे. दमा, पूर्वी फुप्फुस फुटलेले असणे, फिट येणे, हृदयविकार, कानाचा पडदा फाटलेला असणे, गरोदरपण : यांपैकी काही असल्यास आधी डॉक्टरांना विचारायला हवे. आणि साधी सर्दी असेल तर त्या दिवसाची बुडी सोडून द्यावी. कान मोकळे झाले नाहीत तर पडदा फाटू शकतो. पैसे परत मिळत नाहीत म्हणून पाण्यात उतरणे फार महाग पडते.

ज्वालामुखीच्या बेटांवर आणखी दोन गोष्टी असतात. (वेरूळची लेणी ज्या काळ्या दगडात कोरली, तो लाव्हा ज्या उष्ण स्रोतातून आला त्याच्यातूनच पुढे मॉरिशस आणि रियुनियन घडले, असे बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात, तेव्हा हा दगड आपल्याला परका नाही.) पहिली गोष्ट, उतार. अशा बेटांच्या काठापासून तळ बऱ्याचदा झपाट्याने खोल जातो. बालीतल्या तुलांबेनला दुसऱ्या महायुद्धातले ‘लिबर्टी’ हे जहाज किनाऱ्यावर पडून होते. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखीच्या उद्रेकात ते समुद्रात ढकलले गेले. आज त्याचा वरचा भाग पाचेक मीटरवर आणि खालचा तीसेक मीटरवर आहे. त्यामुळेच ते ‘सर्वांसाठी’ ठरते. पण पहिल्यांदा उतरणाऱ्याची मर्यादा १२ मीटर, प्राथमिक प्रशिक्षण घेतलेल्याची १८ मीटर. जहाज बघता बघता ती कधी ओलांडली, हे कळतही नाही. अंदमानातले बॅरन बेट, भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी, श्री विजयपुरमपासून (पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) सुमारे १३५ किलोमीटरवर आहे. तिथे काही बिघडले तर उपचार गाठायलाच कित्येक तास. ती जागा अनुभवींचीच.

दुसरी गोष्ट डोंगराची. दाबाखाली रक्तात विरघळलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडतो. त्याआधीच उंचावर गेले तर सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे धरतात. म्हणून एका बुडीनंतर किमान १२ तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असा गोताखोरांच्या वैद्यकीय संस्थांचा सल्ला आहे. विमानाचे बहुतेकांना ठाऊक असते, डोंगराचे नसते. दुपारी बालीत दोन-तीन बुड्या आणि पहाटे सूर्योदयासाठी १,७१७ मीटरच्या बातूर ज्वालामुखीवर, हा बेत कागदावर छान दिसतो. क्रम उलटा केला, आधी डोंगर आणि मग समुद्र, तर अडचण राहत नाही. मालवणहून आंबोलीमार्गे परतणाऱ्यांनाही तत्त्व तेच. मात्र सहा-आठ मीटरवर पंधरा-वीस मिनिटे घालवणाऱ्याला नायट्रोजनचा धोका अगदी कमी असतो, त्याने घाटाची धास्ती घेऊ नये.

परतल्यावर एक-दोन दिवसांत सांधे दुखू लागले, हात-पाय बधिर झाले, चक्कर आली किंवा लघवी अडली, तर डॉक्टरांना ‘स्कूबा केले होते’ हे आधी सांगावे. नाहीतर तपासणी मणक्याकडे नाहीतर साखरेकडे वळते. अशा वेळी शुद्ध ऑक्सिजन लगेच सुरू करायचा असतो. तो तालुक्याच्या रुग्णालयातही मिळतो. त्यानंतर दाबकक्षातला उपचार. मुंबईत कुलाब्याच्या नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात या विषयातले जाणकार आहेत. तिथे फोन कधी लावायचा, हे तपासणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचे. पण बुडी किती खोल होती, किती वेळ आणि किती वाजता, हे मात्र रुग्णानेच लिहून ठेवलेले असले पाहिजे.