चोर कोण म्हणालं?

गेल्या महिन्यात मी एक चार ओळींची बातमी लिहिली. मथळा होता, ‘मोबाइल चोर जेरबंद’. इंटर्नला पहिल्यावहिल्या बातमीचं जेवढं कौतुक असतं, तेवढं मलाही होतं. ऑफिसला पाठवायच्या आधी कॉपी रूममेटला दाखवली. ती लॉच्या चौथ्या वर्षाला आहे. तिने वाचली आणि विचारलं, “चोर कोण म्हणालं?”

“पोलीस म्हणाले. पकडलंय त्याला.”

“पकडलंय म्हणजे आरोप आहे. चोर आहे की नाही ते कोर्ट ठरवेल. आणि तू एकोणीस वर्षांच्या पोराचं नाव, गाव, कॉलेज सगळं देतेयस.”

मला रागच आला. चार ओळी तर आहेत!

तुमच्या ग्रुपमध्येही अशी एक व्यक्ती असणारच. ब्रेकअपची स्टोरी ऐकून सगळे ‘तो आहेच तसला’ म्हणत असताना ही विचारते, “त्याची बाजू कोणी ऐकलीय का?” कॉलेजच्या ग्रुपवर कुणाचा तरी स्क्रीनशॉट फिरतो, आपण धडाधड फॉरवर्ड करतो आणि हिचा प्रश्न, “वरचे मेसेज का कापलेत?” अशांना ट्रिपला नेऊ नये, असं माझं प्रामाणिक मत होतं.

आपल्याला वाटतं, लॉ करणं म्हणजे कलमं पाठ करणं. पण १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि ३०२, ४२० तोंडपाठ असणाऱ्यांची पाटी कोरी झाली. तिने पहिल्या वर्षी मला गोगलगायीची केस सांगितली होती, तेव्हा हे प्रकरण वेगळंच आहे हे लक्षात आलं. १९२८ साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात एक बाई जिंजर बीअर प्यायली. उरलेली ग्लासात ओतताना बाटलीतून कुजलेली गोगलगाय पडली, असं तिचं म्हणणं. बाटलीचे पैसे दुसऱ्याच व्यक्तीने दिलेले, म्हणजे दुकानदाराशी हिचा करार नाही. मग दाद मागायची कुणाकडे? १९३२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की माल बनवणाऱ्याची जबाबदारी तो वापरणाऱ्यापर्यंत पोचते. आणि गंमत बघा, गोगलगाय खरंच होती का, हे शेवटपर्यंत सिद्ध झालंच नाही. ‘समजा होती’ असं धरून निकाल आला आणि पुढे प्रकरण तडजोडीत मिटलं. ‘समजा’ आणि ‘झालं’ यांच्यामध्ये इतका वेळ थांबून राहणं आपल्याला कुठे जमतं? आपण तर स्टेटस टाकून मोकळे होतो.

तर, मी बातमीतून नाव काढलं, मथळा बदलला आणि मला हे सगळं जाम भारी वाटायला लागलं. मग तिच्या वर्गात ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ आलं.

मार्च १९७२, आजच्या गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज पोलीस ठाणं. जेमतेम चौदा ते सोळा वर्षांची आदिवासी मुलगी, जिच्यामुळे हा खटला मथुरा प्रकरण म्हणून ओळखला जातो. रात्री ठाण्यातच एका पोलिसाने बलात्कार केल्याचा आणि दुसऱ्याने विनयभंग केल्याचा तिचा आरोप. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं. नागपूर खंडपीठाने दोषी धरलं. १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टाने पुन्हा सोडलं. का? तर अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा केल्याचं दिसत नाही, भीतीपोटी गप्प राहिली हे सिद्ध होत नाही.

वर्गात दोन गट पाडले आणि हिच्या वाट्याला निकालाची बाजू मांडायचं काम आलं. दोन रात्री जागून तिने तयारी केली. समोर जज म्हणून मी. खरं सांगते, युक्तिवाद चांगला होता. गुन्हा सिद्ध करायची जबाबदारी सरकारी पक्षाची, संशयाचा फायदा आरोपीला. म्हणजे मोबाइलवाल्या मुलाबद्दल जे मला ऐकवलं होतं, तेच. वर्गात तिची वाहवा झाली. त्या रात्री मेसचा डबा न उघडताच ती झोपली.

लॉ करणाऱ्यांनो, तुमच्याशी माझं भांडण आहे ते इथे. वाहवा झाल्यावर डबा निवांत उघडणारेही तुमच्यात असतील, आणि त्यांची मला भीती वाटते.

सप्टेंबर १९७९ मध्ये कायदा शिकवणाऱ्या चौघांनी, उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी, सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. ‘आम्हाला वाईट वाटलं’ एवढ्यावर ते थांबले नाहीत. नाइलाजाने शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हा कायद्याचाच मुद्दा त्यांनी धरला. रात्रीची वेळ, बंद दार, समोर वर्दीतली माणसं, आणि त्या मजूर मुलीने ओरडायला हवं होतं? पत्रानंतर देशभर बायका रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने ‘संमती नव्हती’ असं सांगितलं, तर कोर्टाने तसंच गृहीत धरायचं. मथुराला मात्र त्याचा उपयोग झाला नाही, ते दोघे सुटले ते सुटलेच.

पत्र वाचून झाल्यावर मी पुन्हा माझ्या चार ओळींकडे गेले. दोन्हीकडे ठाण्यात एकटं कोण उभं होतं? तिकडे ती मुलगी, इकडे तो मुलगा. आणि माझ्या बातमीत बोलत कोण होतं? फक्त पोलीस. रूममेटने ‘चोर कोण म्हणालं’ विचारलं तेव्हा मला वाटलं, ही शब्दावर अडलीय. पुरावा मागायची सवय तुम्हीही लावून घ्या, लॉला नसलात तरी. पण बोलायची सोय कुणाला होती, हेही त्याच दमात विचारा. नाहीतर ‘प्रूफ दे ना’ म्हणत समोरच्याला गप्प करणारे आपल्या प्रत्येक ग्रुपमध्ये आहेतच.

‘मोबाइल चोरीच्या संशयावरून तरुण ताब्यात’ हा मथळा एका कॉलममध्ये बसत नव्हता. डेस्कवरच्या सरांनी कुरकुर केली, मग फॉन्ट लहान करून लावला. त्या मुलाला जामीन मिळाला का, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही. परवा कोर्टात तारीख आहे, जाणार आहे. रूममेट म्हणाली, “त्याला वकील मिळालाय का, ते आधी बघ.”