पायरी शोभेची की पायाची?

उंच गाडीची हौस आपल्याकडे आता चांगलीच रुजली आहे. बोलेरो, स्कॉर्पिओ, फॉर्च्युनर यांसारख्या गाड्या शिडीसारख्या पोलादी चौकटीवर बांधलेल्या असल्याने त्यांचा तळ जमिनीपासून बराच वर राहतो. खड्ड्यांच्या रस्त्यांवर हे सोयीचे. परंतु गुडघेदुखीने त्रासलेल्या आजींना किंवा साडी सावरत चढणाऱ्या गृहिणीला तीच उंची जाचक ठरते. म्हणून दाराखाली साइड स्टेप बसवली जाते आणि ती निवडताना नेमके या दोघींनाच कोणी विचारत नाही. माझ्या मते घरातील सर्वांत अशक्त पाऊल हाच या निवडीचा निकष असावा.

दुकानात नजरेत भरते ती चकचकीत स्टीलची गोल नळी. तिच्यावर पाऊल पुरते टेकत नाही आणि पावसाळ्यात ओल्या चपलेखाली ती निसरडी होते. त्यापेक्षा खाचेदार रबर लावलेली सपाट फळी बरी, मग ती दिसायला थोडी बोजड का असेना. अर्थात फार रुंद पायरीही नको. तिचा आधार न घेता उतरणाऱ्याच्या कपड्यांना तिच्यावरचा चिखल हमखास लागतो. जमीन व दाराचा उंबरा यांच्या साधारण मध्यावर ती असावी. अधिक खाली आणल्यास खडबडीत वाटेवर तीच आधी घासते.

खरी परीक्षा मात्र खाली वाकूनच करावी लागते. पायरीचे ब्रॅकेट मूळ चौकटीच्या तयार छिद्रांत बोल्टने आवळलेले हवेत. पत्र्याला नवे भोक पाडले की गंजरोधक लेप तुटतो. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत पुढचे काम गंज करतो.

‘साइड गार्ड’ या भारदस्त नावाने खपवल्या जाणाऱ्या, बाहेर आलेल्या जाड नळ्यांचा मोह तर टाळावाच. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चा आधार घेऊन क्रॅश गार्ड व बुल बार यांवर कारवाई करण्यास राज्यांना कळवले, ते पादचाऱ्यांना व प्रवाशांना असलेल्या धोक्यामुळेच. साधी पायरी त्यांत मोडत नाही, परंतु बाहेर आलेल्या लोखंडाचा धोका दुचाकीस्वाराला सारखाच.

गाडीच्या मूळ किमतीत नसलेली उपसाधने विमापत्रात स्वतंत्रपणे नोंदवावी लागतात. तेव्हा पायरीचे पक्के बिल घ्यावे आणि ती बसवताच विमा कंपनीस कळवावे.